सुगीतही टिकेल अशी नव्या वर्षाची आखणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून रोज एसटीने तालुक्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या आणि यंदा बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. गेल्या जुलैमध्ये त्याने सहा ध्येये लिहून काढली होती: विशेष प्रावीण्य मिळवणे, इंग्रजी बोलता येणे, पोलीस भरतीचे ग्राउंड करणे, एमपीएससीची तयारी सुरू करणे, संगणक शिकणे आणि मोबाईलचा वापर कमी करणे. दिवाळीपर्यंत सहाही सुटली आणि पहिल्या सत्रात रसायनशास्त्राचा विषय राहिला. घरी आठ एकर कोरडवाहू शेती असून त्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर घेतली जाते. यंदा ध्येये किती व कशी ठरवावीत, ती दिवाळीपलीकडे कशी न्यावीत आणि भरतीच्या तयारीसाठी पदवीकडे थोडे दुर्लक्ष केले तर चालेल का, असे त्याने विचारले आहे.

तुमची जिद्द कमी पडली, असे मला वाटत नाही. ग्रामीण महाविद्यालयात शिकवताना आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना इतक्या वर्षांत माझ्या सातत्याने लक्षात आले आहे, की शेतकरी घरातल्या मुलामुलींचे संकल्प वर्षभर हळूहळू क्षीण होत नाहीत. ते ठरावीक आठवड्यांत, म्हणजे सोयाबीनची सवंगणी (कापणी) लागल्यापासून कापसाचा पहिला वेचा घरात येईपर्यंतच्या काळात एकदम तुटतात. तुमची सहाही ध्येये याच काळात सुटली आहेत. ध्येये लिहिताना हा काळ येणारच आहे हे तुम्हाला ठाऊक होते, पण त्याची नोंद कागदावर कोठेही नव्हती. वसतिगृहात स्वतंत्र टेबल आणि मोकळी संध्याकाळ असलेल्या विद्यार्थ्यासाठी दिलेला सल्ला तुम्ही स्वतःला लावून पाहिलात आणि तो लागू पडला नाही, तेव्हा दोष स्वतःकडे घेतलात. म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे, की काय मिळवायचे आहे हे लिहिण्याआधी आपल्याजवळ किती तास आहेत आणि ते वर्षाच्या कोणत्या भागात आहेत, हे लिहून काढा.

हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. आठवड्याचे १६८ तास असतात. रोजची सात तास झोप धरली तर ४९ तास गेले. सहा दिवस रोज सहा तास महाविद्यालय म्हणजे ३६. गावापासून फाट्यापर्यंत चालणे, गाडीची वाट पाहणे आणि प्रवास यांत रोज अडीच तास, म्हणजे १५. आंघोळ, जेवण आणि इतर नित्याच्या गोष्टींना रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. घरचे व शेतीचे काम रोज दोन तास आणि रविवारी सहा, म्हणजे १८. यांची बेरीज एकशे साडेपस्तीस तासांची होते आणि उरतात साडेबत्तीस तास. परंतु हे सर्व तास तुमचे नाहीत. पाहुणे, ताप, सण, गेलेली वीज आणि मोबाईल यांचा वाटा त्यांतूनच जातो. आपण कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज नेहमीच कमी करतो, हे डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडले होते, आणि त्यावरचा उपायही सुचवला होता, की अंदाज आशेवरून न करता पूर्वी प्रत्यक्षात काय घडले त्यावरून करावा. गेल्या वर्षीचा एखादा साधा आठवडा आठवून पाहिलात, तर खरोखर अभ्यासाला लागलेले तास सोळाच्या वर क्वचितच गेलेले दिसतील. तेव्हा साध्या आठवड्याला सोळा तास आणि सुगीच्या आठवड्याला पाच तास धरा.

आता हे तास सत्रावर मांडा. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत साधारण अकरा आठवडे मिळतात, म्हणजे १७६ तास. त्यानंतर सवंगणी, मळणी, सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) आणि कापसाची वेचणी, शेताला रानडुकरे लागली असतील तर रात्रीची जागल, आणि याच दिवसांत तोंडावर येणारी हिवाळी परीक्षा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे हे सात आठवडे तुम्हाला ३५ तास देतात. म्हणजे सत्राच्या एकूण २११ तासांपैकी पाचात चारांहून अधिक तास पोळा-गणपतीच्या आसपास संपलेले असतात. ‘दिवाळीच्या सुट्टीत नेटाने अभ्यास करू’ असे म्हणणारा शेतकऱ्याचा मुलगा सत्रातला सर्वांत गरीब काळ अभ्यासासाठी राखून ठेवत असतो. माझ्या मते तुमच्या यंदाच्या आखणीचे मुख्य सूत्र हेच असावे, की प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पोळ्यापर्यंत एकदा स्वतः वाचून झालेला असावा, मग तो वर्गात शिकवून झालेला असो वा नसो. सुगीत फक्त उजळणी राहावी, नवीन काही वाचण्याची वेळ येऊ नये.

भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील वाचकांनी हाच हिशेब वेगळ्या महिन्यांवर मांडावा. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, त्यामुळे तिथला मोकळा काळ रोवणी आटोपल्यावर कापणी लागेपर्यंतचा आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता येतो, म्हणजे नेमकी उन्हाळी परीक्षा. दुसऱ्या सत्राची घडण सर्वत्र निराळी असते. आपल्याकडे जानेवारीपर्यंत तूर आणि कापूस, ज्यांच्याकडे ओलिताची सोय आहे त्यांना हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी देणे, आणि मग फेब्रुवारी-मार्चचा बरा काळ. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या घरात वाचन होत नाही, हे गृहीत धरून ते तास पहाटेकडे सरकवावेत.

तास समोर आले की सहा ध्येये का टिकली नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. सोळा तासांत सहा गोष्टी बसत नाहीत. तीनच घ्या: एक पदवीचे, एक कौशल्याचे आणि एक शरीराचे. संगणक आणि एमपीएससी यांची नावे वहीच्या मागच्या पानावर पुढच्या वर्षाचे साल घालून लिहून ठेवा, म्हणजे ती सोडल्याची रुखरुख राहणार नाही. मोबाईल कमी करणे हे मी स्वतंत्र ध्येय मानत नाही. अभ्यासाच्या वेळी तो घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ ठेवण्याचा नियम पुरेसा आहे.

पदवीच्या ध्येयात मागे राहिलेले रसायनशास्त्र सर्वांत आधी यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत आता पदवी श्रेयांकांवर (क्रेडिटवर) मोजली जाते. सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक असतात, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. राहिलेल्या विषयाचे श्रेयांक तुमच्या खात्यात जमा झालेले नाहीत आणि ते मिळवण्यासाठी लागणारे तास नव्या विषयांच्याच तासांतून जाणार आहेत. म्हणून सोळापैकी तीन तास रसायनशास्त्राला द्या, तेही सप्टेंबरआधी. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले असेल तर तिचाही हिशेब याच कागदावर यावा, कारण तिथे वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. ही योजना मला मनापासून महत्त्वाची वाटते. गावाकडे पाहण्याची दृष्टी तिथे तयार होते. परंतु तिचे तास न मोजता नाव देणारे विद्यार्थी पुढे दोन्हीकडे अपुरे पडतात.

आता ध्येयाच्या शब्दांकडे वळू. ‘विशेष प्रावीण्य मिळवणे’ हे ध्येय कागदावर उठून दिसते, पण उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे हे ते सांगत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर कित्येक दशके संशोधन केले. नेमके आणि थोडे कठीण ध्येय हे ‘जमेल तेवढे करू’ यापेक्षा अधिक काम करून घेते, हा त्यांचा निष्कर्ष पुष्कळांना माहीत असतो. परंतु याच संशोधनाचा दुसरा भाग तुमच्यासाठी अधिक उपयोगाचा आहे. काम गुंतागुंतीचे असेल आणि ते करण्याची रीत अजून हाती आलेली नसेल, तर गुणांचे ध्येय ठेवल्याने माणूस गोंधळतो, आणि रीत शिकण्याचे ध्येय ठेवल्यास पुढे गुणही अधिक चांगले मिळतात. बारावीपर्यंत निम्मे शिक्षण मराठीतून झालेल्या आणि आता इंग्रजी पाठ्यपुस्तकातून सेंद्रिय रसायनशास्त्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी अशी असते. त्याला विषय कठीण जातो की भाषा, हे त्याचे त्यालाही कळत नाही. म्हणून ‘रसायनशास्त्रात ७० गुण’ असे न लिहिता पुढीलप्रमाणे लिहा: दर आठवड्याला एक प्रकरण वाचेन, त्यातील न कळलेल्या वीस संज्ञा वहीत मराठी अर्थासह उतरवेन, आणि शनिवारी पुस्तक मिटून मागील प्रश्नपत्रिकेतील दोन प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहीन. यातील प्रत्येक गोष्ट तुमच्या हातात आहे. पेपर कसा निघेल, तो कोण तपासेल, हे तुमच्या हातात नाही.

तुमचे इंग्रजीचे ध्येय या कामातच मिसळून टाका. सार्वजनिक सभेत बोलता येईल असे इंग्रजी एका वर्षात येत नाही, पण आपल्या विषयाचे एक पान अर्थ समजून मोठ्याने वाचणे आणि त्यावर पाच वाक्ये स्वतःची लिहिणे हे रोज वीस मिनिटांत होते. मुलाखतीत इंग्रजीत अडखळणारा विद्यार्थी बहुधा आपल्याच विषयाबद्दल इंग्रजीत चार वाक्ये कधी बोललेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

एसटीतल्या वेळेबद्दल एक सूचना करतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर पुस्तक वाचण्याचा अट्टाहास करू नये. डोळे शिणतात आणि मनात काही राहत नाही. सकाळी वाचलेले पुस्तकाशिवाय आठवून पाहण्यासाठी मात्र तो वेळ उत्तम आहे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न केल्याने अभ्यास अधिक काळ टिकतो, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. बरोबर प्रवास करणाऱ्या मित्राने प्रश्न विचारावा आणि तुम्ही उत्तर द्यावे, एवढे पुरे.

दिवाळीपलीकडे जाण्याचा मार्ग मी असा सुचवतो, की प्रत्येक ध्येय दोन मापांत लिहावे. एक माप साध्या आठवड्याचे आणि दुसरे सुगीच्या आठवड्याचे, आणि दुसरे माप जुलैमध्येच लिहून ठेवावे. रसायनशास्त्राचे साधे माप आठवड्याला तीन तास असेल, तर सुगीचे माप रोज रात्री जेवणानंतर वीस संज्ञांची एक फेरी एवढेच असावे. धावण्याचे साधे माप आठवड्यातून चार पहाटे असेल, तर सुगीत ते शून्य ठेवले तरी चालेल, कारण दिवसभर सोयाबीन कापणाऱ्या शरीराला विश्रांतीच हवी असते. माप आधीच लहान केलेले असेल तर ते पाळणारा विद्यार्थी आपल्याच नजरेत हरलेला ठरत नाही, आणि मळणी आटोपल्यावर मोठ्या मापाकडे परततो. ज्याने एकच माप लिहिलेले असते तो पहिल्याच आठवड्यात चुकतो आणि मग वहीच उघडत नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये तुमचे हेच झाले असावे.

याला जोडून ‘असे झाले तर असे करीन’ या स्वरूपाची तीन-चार वाक्ये लिहा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की केवळ हेतू लिहिण्यापेक्षा प्रसंग आणि त्या वेळची कृती यांची अशी जोडी ठरवणारे लोक आपला हेतू अधिक वेळा तडीस नेतात. पाच वाजताची गाडी रद्द झाली तर बसस्थानकावर न थांबता वाचनालयात परत जाईन. रात्री वीज गेली तर झोपेन आणि पहाटे चारला उठेन. सवंगणीला मजूर मिळाले नाहीत आणि सलग घरी राहावे लागले, तर प्रयोगवही कोणाकडून घेऊन उतरवायची त्या मित्राचे नाव आजच ठरवून ठेवेन.

सलग घरी राहण्याचा विषय निघाला आहे, म्हणून हजेरीचेही सांगतो. सत्राचे ९० अध्यापन दिवस धरले आणि ७५ टक्के हजेरीचा नियम लावला, तर गैरहजेरीला २२ दिवसांची जागा मिळते. हे दिवस जुलै-ऑगस्टच्या पावसात, लग्नकार्यात आणि कंटाळ्यात खर्च झाले तर ऑक्टोबरमध्ये वडिलांना खरोखर गरज असताना तुमच्याजवळ एकही दिवस उरत नाही. पंधरा दिवस सुगीसाठी राखून ठेवा. प्रात्यक्षिकाचे दिवस शक्यतो चुकवू नका, कारण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तिथेच जमा होतात आणि ते नंतर भरून काढता येत नाहीत.

विद्यार्थिनींसाठी थोडे वेगळे लिहिणे आवश्यक आहे. वर मोजलेले १८ तास अनेक मुलींच्या बाबतीत दुप्पट असतात, कारण पाणी, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचे काम ‘घरचे काम’ म्हणून कोणी मोजतच नाही. घरी पोचल्यावर त्यांना स्वतःचा असा तास सहसा मिळत नाही. शेवटचा तास संपल्यापासून गावाची गाडी येईपर्यंतचा वेळ हाच त्यांचा खरा अभ्यासाचा वेळ असतो, आणि तो मैत्रिणींबरोबर बसस्थानकावर उभे राहण्यात जातो. त्यांनी आपले मुख्य ध्येय याच दीड-दोन तासांत, वाचनालयात पूर्ण होईल एवढेच आखावे, आणि घरी जाऊन करायच्या अभ्यासाला जास्तीचा मानावे. हे अन्यायाचे आहे हे मी जाणतो आणि घरच्यांनी हा भार वाटून घेतला पाहिजे असे मला ठामपणे वाटते. परंतु ते होईपर्यंत मुलीची पदवी थांबता कामा नये.

कागदपत्रे हेही एक ध्येय समजा आणि त्याला तारीख द्या. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा नूतनीकरण, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, मागील वर्षाची गुणपत्रिका हे सर्व ऑगस्ट संपण्यापूर्वी हातात असावे. बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांनी आपल्या प्रवर्गाप्रमाणे पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार किंवा स्वयम् या योजनांची चौकशी महाविद्यालयाच्या कार्यालयात याच काळात करावी. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्राबाहेर रांगेत गेलेले दोन दिवस अभ्यासाचेच असतात.

पाहणीसाठी एक वार ठरवा. तुमच्या गावचा किंवा तालुक्याचा आठवडी बाजार ज्या दिवशी असतो तो वार मला सोयीचा वाटतो, कारण तो विसरला जात नाही आणि शेतीचे कामही त्या दिवशी काहीसे सैल असते. त्या संध्याकाळी दहा मिनिटे वही उघडून ठरलेले किती झाले एवढेच लिहायचे. एखादा दिवस चुकला म्हणून खचू नका. लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, काहींना १८ तर काहींना २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडण विशेष बिघडली नाही. जुलैच्या आरंभी सुरू केलेली सवय सरासरीने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्थिर होते, म्हणजे सवंगणीच्या थोडीच आधी. सुरुवात ऑगस्टवर ढकलू नये याचे हेही एक कारण आहे. वही महिन्यातून एकदा एखाद्या प्राध्यापकांना दाखवा. बऱ्याच महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेले असतात, पण त्यांच्याकडे आपणहून जाणारे विद्यार्थी फार थोडे असतात.

हा सारा हिशेब बाबांशी बोलल्याशिवाय उभा राहणार नाही. परीक्षेच्या आठवड्यात ‘मला अभ्यास आहे’ असे सांगितले, तर ते कामाची टाळाटाळ वाटते, आणि शेतात सोयाबीन फुटत असताना वडिलांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. जुलैमध्ये, डवरणीच्या दिवसांत केव्हातरी त्यांच्याजवळ बसून वेळापत्रक दाखवा. सुगीचे पंधरा दिवस मी पूर्ण तुमच्यासोबत आहे, त्या बदल्यात परीक्षेआधीचे आठ दिवस मला मोकळे द्या, असे स्पष्ट सांगा. ज्यांनी स्वतः शिक्षण अर्धवट सोडले असे अनेक पालक हा शब्द मनापासून पाळतात, कारण मुलगा कामातून पळत नसून दिवसांचा करार करतो आहे, हे त्यांना दिसते.

शेवटी भरतीचा प्रश्न. पोलीस शिपाई भरतीला बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते. त्यात ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी परीक्षा असते. मैदानीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान विचारले जाते. यातील मैदानी तयारीला पुस्तक लागत नाही, ती पहाटे पाऊण तासात होते आणि पदवीच्या तासांना धक्का लावत नाही, म्हणून शरीराचे ध्येय म्हणून ती अवश्य घ्या. लेखीसाठी आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त या वर्षी देऊ नका. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागतेच, आणि तिची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे शनिवारी पुस्तक मिटून पूर्ण वाक्यांत लिहिलेली उत्तरे तिथेही कामी येतील. पदवीकडे दुर्लक्ष करून भरतीच्या मागे लागण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण जाहिरात केव्हा निघेल हे तुमच्या हातात नाही आणि भरतीत नाव न आल्यास मागे अर्धवट पदवी व राहिलेले रसायनशास्त्र उरते. अपवाद एकच आहे. जाहिरात निघालेली असेल, तुम्ही वय आणि उंचीच्या अटीत बसत असाल आणि मैदानी परीक्षेची तारीख हाती असेल, तर त्या दोन महिन्यांपुरते सोळापैकी सहा तास भरतीला द्या, आणि ते रसायनशास्त्राच्या तीन तासांतून न घेता कौशल्याच्या ध्येयातून आणि मोबाईलच्या वेळेतून काढा.